गालिच्यातला दुसरा हात

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी माझ्या बायकोनं विणलेला गालिचा तपासणीच्या टेबलावर उलगडला, सवयीप्रमाणे टेबलाला एक फेरी मारली, आणि पलीकडच्या बाजूला पोचलो तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. गालिचा सगळा राख रंगाचा होता. कडा नाही, नक्षी नाही. आमच्याकडे लोकरीला रंग लावत नाहीत. मेंढीनं जे दिलं तेच. त्यामुळे आमच्याकडे रंग पाचच, आणि त्यांची नावंही कारखान्यातच पडलेली: दूध, साय, राख, माती, कोळसा. लोकांना वाटतं बिनरंगी काम सोपं. उलट आहे. रंग लावला की निम्मे दोष त्याखाली झाकले जातात. इथं झाकायला काही नसतं, आणि सबंध राखेचा गालिचा म्हणजे तर विणणाऱ्यानं सगळ्यांसमोर अंघोळ करण्यासारखं आहे. तर त्या गालिच्याचा वरचा दीडेक फुटाचा पट्टा मला पलीकडून काळपट दिसला. मी परत अलीकडे आलो. आता तोच पट्टा उजळ होता आणि बाकीचा गालिचा काळपट. मी तीन वेळा ये-जा केली. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हा माणूस गालिच्याला प्रदक्षिणा घालतोय.

पहिला संशय रंगाचा. राख संपली असेल आणि कुणीतरी मातीत काहीतरी मिसळून दिलं असेल. मी पांढरा रुमाल ओला केला, पट्ट्यावर जोरजोरानं घासला. रुमाल पांढराच राहिला. दुसरा संशय लोकरीचा, की वेगळ्या कळपाची असेल. पण तंतू भिंगाखाली तोच, तसाच जाड, टोकाशी उन्हानं तसाच भाजलेला. मग मी गालिचा उलटा केला. खरं म्हणजे तेच आधी करायला हवं होतं. बावीस वर्षं मी गालिच्यांच्या पाठी वाचतो आहे. पुढून सगळे गालिचे गोड बोलतात, खरं काय ते पाठ सांगते. कुणी गाठ ओढून बांधतं, कुणी सैल, कुणी घरून भांडून आलं की चार ओळी दगडासारख्या. गाठ मारणारा हात ज्या बाजूचा, त्या बाजूला गाठ किंचित कलते, आणि पुढचे तंतू त्याच बाजूला पडतात. हिच्या गाठी उजवीकडे कलतात. अठरा वर्षं कलत आल्या आहेत. आणि या गालिच्यात, वरून दीड फुटावर, जणू पट्टी ठेवून आखावी अशा रेषेपासून वर, सगळ्या गाठी डावीकडे कलल्या होत्या. म्हणजे लोकर तीच, रंग तोच, फक्त हात दुसरा.

आमच्या कारखान्यात डावखुरा माणूस एकच. त्याला सगळे डावराच म्हणतात. दोन वर्षांपूर्वी आला. पस्तिशीचा, दात पांढरेशुभ्र, आणि बोलणं असं की बायका हातातली दोरा कापायची सुरी खाली ठेवून हसतात. त्याचा माग हिच्या मागाच्या शेजारी. हिला तो वहिनी म्हणतो आणि मला साहेब, पण ‘साहेब’ म्हणताना त्याच्या तोंडात एक खडीसाखरेचा खडा असल्यासारखं वाटतं. कारखान्यात मला मागून ‘भिंग’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. ते नाव त्यानं ठेवलेलं नाही, पण चिकटवलं त्यानंच असणार, अशी माझी खात्री आहे. पुरावा नाही.

मी गालिचा गुंडाळून कोपऱ्यात उभा केला आणि त्यावर दुसरे दोन टाकले. दुसऱ्या कुणाचा असता तर तिथल्या तिथं लाल दोरा बांधला असता. नाकारलेल्या मालाला बांधायचा तो दोरा. साऱ्या इमारतीत रंगवलेली लोकर तेवढीच, आणि ती माझ्या खणात. आमच्या मालकीणबाईंचा नियम एकच आणि जुना: एक गालिचा, एक हात. पाठीला विणणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी शिवतात, आणि गिऱ्हाईक त्या चिठ्ठीसाठी येतं. चार वर्षांपूर्वी एका नणंदेनं भावजयीच्या मागावर तीन दिवस गाठी मारल्या होत्या. मी पकडलं. दोघींचेही माग गेले. त्या दिवशी घरी ही म्हणाली होती, “अहो, ताप होता तिला.” मी म्हणालो, “गाठीला ताप कळत नाही.” वाक्य मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी बाईंनाही ऐकवलं. ही दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मला वाटलं, बायका असतात हळव्या.

संध्याकाळी घरी गेलो तर ही खिडकीशी बसून हाताला मलम चोळत होती. मला पाहून डबी बंद केली. घाईनं केली असं मला वाटलं. लोकरीनं हात फुटतात, मलम घरात कायमच असतं, पण चोळताना कुणी दचकत नाही. आणि मग एकदा डोळ्यांना कावीळ झाली की जे होतं ते झालं. हिच्या उजव्या हातातली अंगठी नव्हती. कधीपासून नव्हती? मी आठवू लागलो. लग्नातली अंगठी. मी विचारलं, “अंगठी कुठाय?” “अडकते हो दोऱ्यांत, काढून ठेवलीय.” अठरा वर्षांत अडकली नव्हती. गेल्या महिन्यात बहिणीकडे जाते म्हणून दोनदा गेली होती, आणि पुढं बहीण भेटली तेव्हा म्हणाली, किती दिवसांत आली नाही ही. मी ते मनात ठेवून दिलं. मी साठवतो. आताशा बाजाराची यादीही मलाच लिहायला लावते, वर म्हणते, “तुमचं अक्षर सुरेख आहे.” लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर बायको अक्षराची स्तुती करायला लागली की शहाण्यानं समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. आणि कप. गेल्या काही महिन्यांत घरातले चार कप फुटले. माणसाचं लक्ष घरात नसलं की कप फुटतात.

“राखेचा गालिचा झाला म्हणे तुझा,” मी म्हणालो.

“हो, काल उतरवला. बघितलात?”

“अजून नाही.” मी खोटं बोललो. “एकटीनं केलास ना सगळा?”

“मग काय जोडीनं?” ती हसली. हसताना तिनं मान दुसरीकडे वळवली. मी पाहिलं. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं मी आजवर समजत होतो. शेजारणीचा नवरा घोरतो हेसुद्धा मला हिच्याकडून कळतं. आणि आता इतक्या सहज, इतक्या हलक्या आवाजात ही काहीतरी पोटात ठेवून बसली होती. मला रागापेक्षा भीती वाटली. जे माणूस मला पाठमोरं वाचता येतं असं मी धरून चाललो होतो, ते मला येतच नव्हतं की काय?

कारण मी हिला निवडलं तेच पाठीवरून. कारखान्यात हा विनोद जुना आहे, पण खरा आहे. ही नवीन लागली तेव्हा मी हिचा चेहरा पाहिलेला नव्हता. वर माझ्याकडे गालिचे यायचे, चिठ्ठीवर नाव असायचं, आणि पाठ अशी, की हात फिरवत राहावं. घट्ट, पण चिडकी नाही. दर सातव्या ओळीला हात किंचित सैल सोडायची, श्वास घेतल्यासारखा. तीन महिने मी त्या सातव्या ओळीची वाट बघायचो. मग एक दिवस खाली गेलो आणि मागाच्या मागच्या बाजूनं, ताण्याच्या उभ्या दोऱ्यांतून तिला पाहिलं. दिसायला साधीच होती. मला काही फरक पडला नाही, मी तिला आधीच ओळखत होतो. हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली होती, “म्हणजे माझा हात मागितलात तो खरोखरच.” आता या नव्या गाठी मी डोळे मिटून आठवत होतो. त्या बेढब असत्या तर बरं झालं असतं. त्या सुबक होत्या. सुरुवातीला थोड्या बिचकलेल्या, पण सात-आठ बोटं वर गेल्यावर स्थिर, नीट. परक्या माणसानं आपल्या घरात येऊन भांडी आपल्यापेक्षा नीट लावून ठेवावीत तसं मला झालं.

बुधवारी मी कामात लक्ष घातलंच नाही. माझे वडील आठवत राहिले. आमच्या लहानपणी वडील कामाला निघायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. “रुमाल राहिला.” रुमाल खिशात असायचा, आम्हा भावंडांनासुद्धा दिसायचा. आई चुलीपासून हलायची नाही, म्हणायची, “मिळाला का?” वडील घरभर एक चक्कर मारायचे, कपाटाच्या मागं बघायचे आणि म्हणायचे, “मिळाला.” हे जवळजवळ रोज चालायचं, आणि आई म्हातारी झाली तरी चालूच राहिलं. मी ठरवलं होतं की आपण असं व्हायचं नाही. म्हणून तर मी संशयाचा धंदा केला. म्हटलं, सगळा तिकडेच खर्च होईल, घरी येताना शिल्लक राहणार नाही. दुपारी जेवणाची सुटी झाली, सगळे अंगणात गेले, आणि मी जिन्यानं खाली उतरलो. कुणी विचारलंच तर सांगायला वाक्य तयार होतं: भिंग राहिलं खाली. भिंग माझ्या खिशात होतं.

मागाच्या हॉलचं दार अर्धवट लोटलेलं होतं. नऊ माग ओळीनं उभे, दुपारच्या उजेडात लोकरीचा तूस तरंगत होता. हिच्या मागावर नवा ताणा चढवलेला, आणि त्याच्यासमोरच्या बाकावर दोन पाठी. एक हिची, एक डावऱ्याची. मधे वीतभर अंतर, कदाचित तेवढंही नाही. डबे बाजूला, न उघडलेले. तो तिच्या कानाशी झुकून काहीतरी बोलला आणि ती हसली. हे हसू मी ओळखत नव्हतो. घरी ती असं हसत नाही, किंवा हसत असेल तेव्हा माझं लक्ष नसेल. मग त्यानं आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि हळूच वळवला. त्यांचे हात मला नीट दिसत नव्हते, मधे तिचा खांदा होता. मी दोन पावलं पुढं गेलो असतो तर दिसले असते. एवढंच करायचं होतं. मी त्याऐवजी मागं सरलो, जिना चढलो, कोपऱ्यातून गालिचा काढला आणि त्याच्या वरच्या काठाला लाल दोरा बांधला. एक गाठ पुरेशी वाटेना म्हणून दोन मारल्या. कागदावर लिहिलं: ‘दोन हात. नाकारावा.’ खाली सही केली. सही करताना मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. ज्या गोष्टीला नाव नव्हतं तिला कारखान्याच्या भाषेत नाव मिळालं होतं, आणि ते चूक नव्हतं.

रात्री मी लवकर झोपलो. म्हणजे पडून राहिलो. मी हिला एका शब्दानं सांगितलं नाही की उद्या काय होणार आहे. माग जाणार, हे मला माहीत होतं. हिच्यासाठी माग म्हणजे काय आहे तेही मला माहीत होतं. तापातून उठली की ही आधी मागाबद्दल विचारते, मग माझ्याबद्दल.

गुरुवारी सकाळी बाईंनी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. बाई उंच आहेत, चष्मा गळ्यात लोंबतो, आवाज कधी चढत नाही. गालिचा जमिनीवर उलटा पसरलेला होता, लाल दोऱ्यासकट. ही तो दोरा पाहून एकदम माझ्याकडे वळली नाही. आधी दोऱ्याकडेच बघत राहिली. मग बाईंकडे.

“भाऊसाहेबांनी लिहिलंय,” बाई मला तसंच म्हणतात, “की यात दोन हात आहेत. मीही बघितलं. आहेत. दुसरा कुणाचा?”

मी डावऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्याचं तोंड उघडलं होतं, पण हिनं मान हलवून त्याला गप्प केलं. ती मानेची हालचाल मला सगळ्यात जास्त लागली. त्यांच्यात मान हलवण्याइतकी भाषा होती.

“माझाच आहे,” ही म्हणाली.

“तुझे तंतू उजवीकडे पडतात. मी काय आज बघतेय?”

ही वळली. आपल्या मागापाशी गेली, बाकावर बसली, राखेचा दोरा घेतला आणि डाव्या हातानं गाठ मारली. सुरीनं कापली. दुसरी मारली. चार-पाच गाठी झाल्यावर त्या दाबायचा लोखंडी पंजा उचलला आणि ठोकला, तोही डाव्यानं. दहा, पंधरा, वीस गाठी. सगळे तिच्याभोवती जमले, बाईंनी चष्मा लावला, मागाच्या मागं जाऊन पाहिलं. मी जागचा हललो नाही. मला मागं जायची गरज नव्हती, आवाजावरूनही कळत होतं. शेवटच्या गाठीनंतर हिनं हात सैल सोडला.

“आणि उजवा?” बाईंनी विचारलं.

उजवा हात तिच्या मांडीवर होता, पालथा. “गेला हा, बाई. अंगठा आणि दोन बोटं. दहा महिने हळूहळू जात होता. आता सुरी धरली की नाही तेसुद्धा कळत नाही. डॉक्टर म्हणतात नस दबलीय, बघू म्हणतात.”

“दहा महिने! अगं, मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर तपासणीत लिहावं लागलं असतं.”

कुणाला, हे बाईंनी विचारलं नाही. हॉलमध्ये इतके लोक होते आणि एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही.

“वहिनी दुपारच्या सुटीत शिकायच्या,” डावरा म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात खडीसाखर नव्हती. “चार महिने. रडायच्या, परत बांधायच्या. उजवा हात मधे मधे यायचा सवयीनं. या गालिच्यातली एकही गाठ माझी नाही, बाई. मी फक्त शेजारी बसायचो.”

“फक्त?” मी म्हणालो.

हा शब्द माझ्या तोंडून गेला. सगळ्यांनी ऐकला. कुणीतरी घसा साफ केला. डावऱ्यानं मान खाली घातली, स्वतःच्या लाजेनं नव्हे, माझ्यासाठी त्याला लाज वाटली म्हणून. ही मागावरचा तूस झटकत बसली, जणू मी कुणी दुसराच होतो आणि दुसऱ्याच कुणाबद्दल बोललो होतो.

बाईंनी चष्मा काढला. “हात दोन असले तरी माणूस एकच आहे ना? मग चिठ्ठी खरी आहे. दोरा काढा. गिऱ्हाइकाला उजेडात फिरवून दाखवू, सांगू काय ते. घेतलं तर घेतलं. आणि तू, पुढचा सगळा डाव्यानं कर. माग तुझाच आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हिचं काम यापुढं मी बघेन.” दोरा काढायला मी खाली वाकलो. दोन गाठी मारल्या होत्या, सुटेनात. आणि वाकलेलो असतानाच मला ते दिसलं. ज्या रेषेपासून दुसरा हात सुरू झाला होता तिच्या खालच्या ओळी. रेषा मी लगेच पकडली होती, पण खालच्या ओळी वाचल्या नव्हत्या. तिथं उजव्या हाताच्या गाठी अडखळत होत्या, एक सैल, एक नको इतकी ओढलेली, आणि सातव्या ओळीचा श्वास तर केव्हाच हरवला होता. अशा चाळीस-पन्नास ओळी. पंधरवड्याचं तरी काम. कुणीतरी अंधारात भिंत चाचपत जावं तशा त्या गाठी वर वर गेल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं.

संध्याकाळी घरी हिनं चहा केला तो डाव्या हातानं, न लपवता. कप ठेवला, साखर घातली, सांडली नाही. मी टेबलाशी बसून बघत होतो. फुटलेले कप, अंगठी, माझं सुरेख अक्षर, न भेटलेली बहीण, सगळं एकेक करून आपापल्या जागी जाऊन बसलं. हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही थोडं. पण खाली काहीतरी तसंच राहिलं.

“त्याला सांगितलंस,” मी म्हणालो. “मला नाही.”

“त्याला मी नाही सांगितलं. माझ्या हातातून सुरी पडली, तो उचलायला वाकला, आणि त्यानं माझा हात बघितला. म्हणाला, वहिनी, कधीपासून?” ती समोर बसली. “तुमच्यासमोर चार कप पडले.”

“मी विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

“विचारलंत की. अंगठीचं विचारलंत. एकटीनं केलास का विचारलंत.” तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “मला तुमची भीती वाटत होती हो. नवऱ्याची नाही. वरच्या खोलीतल्या माणसाची. पण तो रोज संध्याकाळी तुमच्याबरोबर घरी यायचा, मग मी काय करू?”

मी तिचा उजवा हात हातात घेतला. कितीतरी दिवसांत घेतला नव्हता. हात उबदार होता, नेहमीसारखा, बोटांच्या पेरांवर लोकरीनं पडलेले जुने घट्टे. मला माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो, आणि जुळवता जुळवता माझा अंगठा तिच्या अंगठ्यावर फिरत होता. “इथं काहीच कळत नाही?” मी विचारलं. “नाही,” ती म्हणाली. मी जरा दाबलं. “आता?” “नाही.” तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. दहा महिने. म्हणजे खरंच काहीच नाही? मी बोटाचं पेर दाबलं, मग त्याच्या बाजूला, आणि मग नख लावलं. नख आत जात होतं, कातडीवर पांढरी रेघ उमटत होती, आणि मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो, पापणी लवते का ते.

तिनं हात काढून घेतला नाही. खाली पाहिलं, माझ्या नखाकडे, मग वर माझ्याकडे.

“पटलं?” तिनं विचारलं.